टेबल सदुसष्ट

कोट्कातल्या जुन्या बाजारात
विकणारा कधी भेटतच नाही.
आठवड्यासाठी टेबल भाड्याने घ्यायचं,
वस्तू मांडायच्या, चिठ्ठ्या चिकटवायच्या
आणि घरी जायचं.
घासाघीस करायचीच असेल तर कपबशीशी करा.

टेबल सदुसष्ट. खाली, स्कीच्या बुटांमागे,
सागवानी अंगाचे दोन स्पीकर,
पाठीला पाठ लावून.
चिठ्ठीवर निळ्या शाईत: जोडी, चाळीस युरो.
चाळीस खोडून पंचवीस. पंचवीस खोडून बारा.
आणि त्याखाली, मन खाल्ल्यासारखं, बारीक अक्षरात:
आवाज येतो, पण कुठून ते कळत नाही.

मी गुडघ्यांवर बसलो.
एकतीस वर्षं बंदरातल्या क्रेनच्या शिड्या चढलेले गुडघे,
ते माझ्याआधी बोलतात.
जाळीचं कापड नखाने उचकटलं.
कागदी शंकू शाबूत. कडेचं रबर मऊ, कानाच्या पाळीसारखं.
टॉर्चमधला सेल काढून
तारांच्या उघड्या टोकांना टेकवला,
कुठलं टोक कुठे, ते न बघताच,
आणि शंकू हलला, टचकन,
उचकी लागल्यासारखा.
दुसऱ्यालाही उचकी.

चेहरा मात्र पडलेलाच ठेवला.
समोर कोणी नव्हतं तरी.
सवय.

काउंटरवर टेल्लेर्वो मोजा विणत होती.
"कुंड्या ठेवायला?" म्हणाली.
एकाच्या डोक्यावर खरंच कुंडीचा गोल डाग होता,
दुसऱ्याची एक बाजू उन्हाने विटलेली.
म्हणजे हा खिडकीकडचा,
आणि कुंडीवाला दाराकडचा, सावलीतला.
पैसे मोजेपर्यंत अख्खी खोली उभी राहिली मनात,
फक्त माणसं तेवढी दिसेनात.

बारा युरो! पायाने रेटायच्या घसरगाडीवर
दोघांना माझ्या कोटात गुंडाळून नेलं,
मी स्वेटरवर, मार्चच्या चिखलबर्फातून.
शेजारचा आर्मास थांबून बघत राहिला.
कोणाला पळवून आणलंस, असं त्याने विचारलं नाही.
इथे असलं कोणी विचारत नाही.

घरी त्यांच्याच तारा जोडल्या, त्यांनी बांधल्या होत्या तशाच.
रेडिओवर समुद्राचं हवामान लागलं होतं.
बाई बेटांची नावं वाचत होती,
वारा नैर्ऋत्येचा, आठ, दृश्यता चांगली,
पण बाई कुठेच नव्हती.
डावीकडे गेलो तर उजवीकडे, उजवीकडे गेलो तर भिंतीत.
घर सोडून गेलेल्या माणसाबद्दल
सगळे बोलतात ना, तसा आवाज,
चहूकडून, आणि पोकळ.

मग टॉर्च घेऊन मागे वाकलो.
खिडकीवाल्याचं ठीक होतं.
कुंडीवाल्याची तांबडी तार काळ्यावर, काळी तांबड्यावर.
एक पुढे ढकलायचा तेव्हा दुसरा मागे ओढायचा.
स्क्रूवरचा गंज म्हणत होता,
हे कालपरवाचं नाही.
एवढी वर्षं दोघेही इमानाने वाजत होते
आणि एकमेकांचं पुसत होते.

अर्ध्या मिनिटाचं काम.
बाई आली.
दोन खोक्यांच्या बरोब्बर मध्ये,
जिथे माझं काहीच नाही, नुसता वॉलपेपर,
तिथे उभी राहून तिने उरलेली बेटं वाचली.
मी खुर्ची थोडी मागे घेतली,
उगाच, मान राखावा म्हणून.

पुढच्या शनिवारी सदुसष्टवर
तान्ह्या बाळाचे कपडे होते.
टेल्लेर्वो नावं सांगत नाही, नियम आहे.
मग तिच्याच पेनाने लिहिलं:
एका स्पीकरची तार उलटी होती.
बाकी काहीच बिघडलं नव्हतं.

तिने ते दोनदा वाचलं.
चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही,
आणि चिठ्ठी त्या खणात टाकली
जिथे हिवाळाभर सापडलेले
एकेकटे हातमोजे ठेवतात.